इतिहासकाराचा इमारतींवरचा ठसा : केनेथ फ्रॅम्प्टन आणि आधुनिक वास्तुकला

एखादी इमारत कोणी घडवली असे विचारले, की पैसे घालणारा मालक, आराखडा काढणारा वास्तुरचनाकार आणि प्रत्यक्ष उन्हातान्हात उभे राहून ती बांधणारे गवंडी, सुतार, मजूर एवढी माणसे आपल्या डोळ्यांपुढे येतात. इमारतींविषयी नुसते लिहिणारा माणूस या यादीत बसत नाही, कारण तो इमारत उभी राहिल्यानंतर तेथे पोहोचतो आणि त्याच्या लिहिण्याने तिची एक वीटही हलत नाही. तरीही गेल्या शंभर वर्षांतील वास्तुकलेचा प्रवास पाहताना असे ठळकपणे दिसते, की कोणत्या इमारती चांगल्या मानायच्या, कशाला आधुनिक म्हणायचे आणि विद्यार्थ्यांनी कोणाचे आराखडे पुन्हा पुन्हा गिरवायचे हे ठरवण्यात मोजक्या इतिहासकारांचा आणि समीक्षकांचा फार मोठा वाटा आहे. केनेथ फ्रॅम्प्टन हे अशांपैकी एक आणि माझ्या मते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील सर्वांत प्रभावी नाव. त्यांचा प्रभाव नेमका कोणत्या वाटांनी इमारतींपर्यंत पोहोचला, हे वास्तुकलेचे शिक्षण न घेतलेल्या वाचकालाही समजावे अशा रीतीने मांडण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

फ्रॅम्प्टन यांचा जन्म 1930 मध्ये इंग्लंडमधील वोकिंग येथे झाला. त्यांचे शिक्षण इतिहासकार म्हणून झालेले नाही. लंडनच्या आर्किटेक्चरल असोसिएशन या संस्थेत ते वास्तुरचना शिकले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला डग्लस स्टीफन यांच्या कार्यालयात असताना लंडनच्या बेजवॉटर भागात त्यांनी कोरिंगहॅम नावाची आठ मजली निवासी इमारत रचली, जी आज संरक्षित वास्तूंच्या यादीत आहे. 1962 ते 1965 या काळात ते ‘आर्किटेक्चरल डिझाइन’ या मासिकाचे तांत्रिक संपादक होते. हे काम वरवर रुक्ष वाटेल, परंतु त्याचे महत्त्व मोठे आहे. एखाद्या इमारतीचे सुंदर छायाचित्र छापून मोकळे न होता तिचे नकाशे, छेद आणि जोडणीचे तपशील वाचकापुढे ठेवायचे, म्हणजे भिंत छताला कशी भेटते, खिडकीची चौकट काँक्रीटमध्ये कशी बसते, जिन्याचा भार कोठे उतरतो हे दाखवायचे, असा तो शिरस्ता होता. इमारत ही चित्र म्हणून पाहण्याची गोष्ट नसून बांधलेली आणि वापरलेली गोष्ट आहे, हा त्यांच्या पुढच्या सर्व लेखनाचा पाया याच टेबलावर घातला गेला असे म्हणता येईल. पॅरिसमधील ‘मेझाँ द व्हेर’ म्हणजे पिएर शारो यांनी 1928 ते 1932 या काळात रचलेले काचेचे घर. त्याची सविस्तर रेखाटने करून फ्रॅम्प्टन यांनी त्यावर लिहिलेला अभ्यास 1969 मध्ये अमेरिकेतील ‘पर्स्पेक्टा’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तोही याच वृत्तीचा होता.

साठच्या दशकाच्या मध्यास ते अमेरिकेतील प्रिन्स्टन विद्यापीठात शिकवण्यासाठी गेले आणि 1972 पासून पुढची जवळजवळ पाच दशके न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अध्यापन करत राहिले.

इतिहास कोठून सुरू करायचा

फ्रॅम्प्टन यांचे वेगळेपण समजण्यासाठी त्यांच्या आधीच्या इतिहासकारांनी काय केले होते हे थोडे पाहावे लागेल. आधुनिक वास्तुकला म्हणजे ढोबळमानाने पोलाद, काच आणि काँक्रीट यांच्या साहाय्याने, जुन्या शैलींतील नक्षी व खांबांचा आधार न घेता केलेली बांधणी. ती विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत युरोपात आकाराला आली. निकोलाउस पेव्हस्नर यांनी 1936 मध्ये तिचा इतिहास लिहिला तेव्हा तो एकोणिसाव्या शतकातील इंग्रज कलाकार विल्यम मॉरिस यांच्यापासून सुरू होऊन जर्मन वास्तुरचनाकार वॉल्टर ग्रोपियस यांच्यापाशी पोहोचत होता. सीगफ्रीड गिडियन यांचा ग्रंथ 1941 मध्ये आला. गिडियन हे केवळ निरीक्षक नव्हते. 1928 मध्ये स्थापन झालेल्या आधुनिक वास्तुरचनाकारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेचे ते कार्यवाह होते, म्हणजे ज्या चळवळीचा इतिहास ते लिहीत होते तिचे ते कार्यकर्तेही होते. या दोघांच्या लेखनाचा सूर असा होता, की जुने जोखड टाकून देत माणूस टप्प्याटप्प्याने योग्य वास्तुकलेपर्यंत येऊन पोहोचला आहे आणि आता पुढचा रस्ता सरळ आहे.

या पुस्तकांवर एक अख्खी पिढी वाढली. त्यांतील छायाचित्रे पाहून जगभरच्या विद्यार्थ्यांनी पांढऱ्या भिंती, सपाट छपरे आणि आडव्या लांबच लांब खिडक्या काढायला घेतल्या. इतिहासकाराचा प्रभाव म्हणतात तो हाच. कोणीही कोणाला आज्ञा देत नाही, परंतु काय पाहायचे हे ठरले की काय रचायचे हेही बऱ्याच अंशी ठरून जाते.

सत्तरच्या दशकात हा विश्वास ढासळला. अमेरिकेतील सेंट लुईस येथील प्रुइट-आयगो ही प्रचंड निवासी वसाहत 1972 पासून पाडण्यास सुरुवात झाली आणि आधुनिक वास्तुकलेचे अपयश म्हणून तिच्याकडे बोट दाखवले जाऊ लागले. त्या अपयशामागे घरबांधणीचे धोरण, पैशांची ओढाताण आणि वांशिक विषमता हीही कारणे होती, पण दोष प्रामुख्याने आराखड्याच्या माथी आला. अशा काळात, 1980 मध्ये, फ्रॅम्प्टन यांचा आधुनिक वास्तुकलेचा चिकित्सक इतिहास प्रसिद्ध झाला.

या ग्रंथात त्यांनी सुरुवातच अठराव्या शतकाच्या मध्यापासून केली. त्या काळात विचारांत, शहरांच्या विस्तारात आणि अभियांत्रिकीत जे बदल एकाच वेळी घडत होते त्यांतून पुढची वास्तुकला जन्मली, अशी त्यांची मांडणी आहे. आरंभबिंदू मागे नेल्याने आधुनिकतेचा अर्थच बदलतो. ती पाच-दहा प्रतिभावंतांची शैली उरत नाही, तर यंत्र, बाजार, राज्यसंस्था आणि शहर यांच्याबरोबर वाढलेली एक गुंतागुंतीची प्रक्रिया ठरते, जिच्यात मुक्तीची आशाही आहे आणि विध्वंसाची बीजेही आहेत. ग्रंथाच्या प्रारंभी त्यांनी जर्मन विचारवंत वॉल्टर बेंजामिन यांचा तो प्रसिद्ध उतारा ठेवला आहे, ज्यात इतिहासाचा देवदूत मागच्या ढिगाऱ्याकडे तोंड करून असतो आणि प्रगतीचे वादळ त्याला पाठमोरा भविष्याकडे ढकलत नेते. विजयगाथेची सुरुवात अशा चित्राने होत नाही. त्याच वेळी आधुनिक वास्तुकला हा एक फसलेला प्रयोग होता आणि आता जुन्या शैलींकडे परत जावे, असेही फ्रॅम्प्टन म्हणत नाहीत. तिचा सामाजिक हेतू त्यांना मोलाचा वाटतो. जे हरवले ते का हरवले, हे शोधण्याचा त्यांचा प्रयत्न आहे. हा ग्रंथ अनेक भाषांत गेला, त्याच्या पाच आवृत्त्या निघाल्या, आणि वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांच्या हाती पडणाऱ्या इतिहासाच्या पहिल्या काही पुस्तकांत त्याची गणना होते.

व्हेनिसमधील मतभेद आणि एक प्रसिद्ध निबंध

1980 याच वर्षी व्हेनिसमध्ये पहिले आंतरराष्ट्रीय वास्तुकला प्रदर्शन भरले. पाओलो पोर्तोगेसी त्याचे संचालक होते आणि भूतकाळाचे अस्तित्व हा त्याचा विषय होता. जुन्या दोरखंड कारखान्याच्या लांब दालनात वीस वास्तुरचनाकारांनी रचलेल्या वीस दर्शनी बाजू दुतर्फा उभारून एक रस्ता तयार करण्यात आला होता, आणि त्या बाजू रोममधील चित्रपटसृष्टीच्या कारागिरांनी उभारल्या होत्या. खांब, कमानी, त्रिकोणी शिखरे यांचा खेळकर वापर करणाऱ्या उत्तर-आधुनिक शैलीचा तो मोठा सोहळा होता. फ्रॅम्प्टन या प्रदर्शनाच्या सल्लागार गटात होते, परंतु ही दिशा न पटल्याने ते त्यातून बाहेर पडले. मागे काहीच नसलेली दर्शनी बाजू म्हणजे वास्तुकलेचे देखाव्यात झालेले रूपांतर, हा त्यांचा आक्षेप होता.

नुसता आक्षेप घेऊन भागणार नव्हते. यंत्रवत एकसारखेपणा नको आणि नाटकी जुनेपणाही नको, तर मग काय हवे, याचे उत्तर देणे त्यांना भाग होते. ते त्यांनी 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात दिले. सहा मुद्द्यांत मांडलेल्या या निबंधातील कल्पना ‘क्रिटिकल रिजनॅलिझम’ या नावाने ओळखली जाते. मराठीत तिला चिकित्सक प्रादेशिकता म्हणू. हे नाव फ्रॅम्प्टन यांचे नव्हे. अलेक्झांडर त्सोनिस आणि लियान लफेव्र यांनी ग्रीसमधील दिमित्रिस व सुझाना अँतोनाकाकिस या वास्तुरचनाकार दांपत्याविषयी लिहिताना 1981 मध्ये ते वापरले होते. फ्रॅम्प्टन यांनी त्याला तात्त्विक बैठक दिली आणि ते जगभर पोहोचवले.

निबंधाच्या सुरुवातीला त्यांनी फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल रिकर यांनी 1961 मध्ये उपस्थित केलेला प्रश्न घेतला आहे. वसाहतींतून नुकत्याच मुक्त होणाऱ्या देशांपुढे एक पेच आहे : आधुनिक विज्ञान, तंत्रज्ञान आणि राजकारण यांत सहभागी व्हायचे तर आपल्या जुन्या संस्कृतीचा बराच भाग सोडून द्यावा लागतो, आणि तो सोडला तर आपण आपण उरत नाही, तेव्हा आधुनिकही व्हायचे आणि आपल्या मुळांपाशीही राहायचे हे कसे साधावे? एकोणिसाव्या शतकापासून सुधारणा आणि परंपरा यांच्या वादात वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न मुळीच परका वाटणार नाही. फ्रॅम्प्टन यांनी तो भिंती, जमीन, प्रकाश आणि हवा यांच्या पातळीवर आणला, आणि निबंधाचे सामर्थ्य या उतरवण्यातच आहे असे मला वाटते.

जमिनीचेच उदाहरण घेऊ. उताराची जागा मिळाली, की बुलडोझर लावून ती सपाट करायची आणि मग तिच्यावर कोठेही शोभेल असा चौकोनी आराखडा बसवायचा, ही आज सर्वत्र रूढ असलेली रीत आहे. फ्रॅम्प्टन यांच्या मते असे सपाटीकरण म्हणजे त्या जागेचे जागापण पुसून टाकणे होय. त्याउलट उतार तसाच ठेवून त्यावर पायऱ्यापायऱ्यांनी इमारत बसवली, तर त्या भूभागाचा इतिहास, पूर्वीची शेती, पाण्याचे वाहणे हे सगळे इमारतीत उतरते. सह्याद्रीच्या उतारावर शेतकऱ्याने घातलेल्या ताली ज्याने पाहिल्या आहेत आणि त्याच उतारावर डोंगर कापून उभ्या केलेल्या वसाहतीही पाहिल्या आहेत, त्याला हा फरक वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

खिडकी आणि वातानुकूलन यांविषयीही ते असेच बोलतात. कायमची बंद काच आणि कोठून तरी दूरवरून नियंत्रित होणारी थंड हवा या जोडीने इमारतीचा तेथील ऋतूंशी, वाऱ्याशी आणि उन्हाच्या दिशेशी असलेला संबंध तुटतो, आणि मग तीच इमारत दुबई, शिकागो किंवा मुंबई कोठेही उभी करता येते. उघडणारी खिडकी मात्र भिंतीची जाडी, उन्हाचा कोन आणि वाऱ्याचा रोख यांना उत्तर देत असते. संग्रहालयांतील कृत्रिम प्रकाशाबद्दलही त्यांचा असाच आग्रह आहे : वरून येणारा नैसर्गिक प्रकाश नियंत्रित रीतीने आत घेतला, तर दिवस आणि ऋतू बदलताना दालनही बदलते आणि कलाकृती कोठल्या तरी निर्वात जागी टांगल्यासारखी वाटत नाही.

निबंधाचा शेवटचा मुद्दा स्पर्शाचा आहे. आपण इमारतींचा विचार बहुधा डोळ्यांनी करतो, परंतु इमारत सबंध शरीराला जाणवते : पायाखालची फरशी, हाताखालचा कठडा, आवाजाचा घुमारा, लाकडाचा वास, सावलीतला गारवा. यासाठी त्यांनी फिनलंडमधील सायनात्सालो येथील नगरगृहाचे उदाहरण दिले आहे. आल्वार आल्टो यांनी रचलेली ही छोटी इमारत 1952 मध्ये पूर्ण झाली. तिच्या सभागृहाकडे जाणारा जिना सबंध विटांचा आहे, त्यामुळे चढताना पायांना खरखर जाणवते आणि पाऊल घट्ट पडते. वर सभागृहात शिरताच पायाखाली गुळगुळीत लाकडी तक्तपोशी येते. तिचा आवाज निराळा, वास निराळा आणि पावलाखाली ती किंचित दबतेही, त्यामुळे चालणाऱ्याचा तोल क्षणभर सावध होतो. गावाचा कारभार जेथे चालतो त्या जागेचे महत्त्व येथे एकही पुतळा किंवा घुमट न वापरता केवळ जमिनीच्या पोताने सांगितले आहे. छायाचित्रात यांतले काहीही येत नाही. ज्या काळात इमारती अधिकाधिक मासिकांतील चित्रांसाठी रचल्या जाऊ लागल्या होत्या, त्या काळात हे सांगणे फार मोलाचे होते आणि आज, मोबाइलच्या पडद्यावर इमारती पाहण्याच्या दिवसांत, ते अधिकच मोलाचे झाले आहे.

दुसरे महत्त्वाचे उदाहरण डेन्मार्कमध्ये कोपनहेगनजवळ बाग्सवेर्द येथील चर्चचे आहे. सिडनीच्या ऑपेरा हाउसचे रचनाकार योर्न उट्झॉन यांची ही रचना 1976 मध्ये पूर्ण झाली. बाहेरून ही इमारत जवळजवळ गोदामासारखी दिसते : कारखान्यात आधीच तयार केलेल्या काँक्रीटच्या पट्ट्या ठरावीक अंतराच्या चौकटीत बसवलेल्या. आत गेल्यावर मात्र डोक्यावर ढगांसारखे लाटालाटांचे काँक्रीटचे छत दिसते, जे त्या जागीच ओतून घडवलेले आहे. फ्रॅम्प्टन यांचे विश्लेषण असे, की बाहेरचे कवच जगात कोठेही वापरता येणारे, काटकसरीचे, सार्वत्रिक तंत्र आहे, तर आतले छत हे त्या एका जागेसाठी आणि त्या एका प्रसंगासाठी केलेले आहे. शिवाय त्या छतात त्यांना चिनी पॅगोडांच्या छपरांची आठवण दिसते. म्हणजे प्रादेशिकता याचा अर्थ फक्त स्वतःच्या गावातले उचलणे असा नाही. सार्वत्रिक आणि विशिष्ट यांचा एका इमारतीत घातलेला मेळ हे या कल्पनेचे मर्म आहे, आणि तेच सर्वांत जास्त वेळा विसरले जाते.

बांधणीतील सत्य

पुढे 1995 मध्ये फ्रॅम्प्टन यांनी ‘टेक्टॉनिक’ संस्कृतीवरचा आपला मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. ‘टेक्टॉनिक’ म्हणजे बांधणीतून प्रकट होणारी कविता असे ढोबळपणे म्हणता येईल. इमारत उभी कशी राहते आणि ती आपल्याला काय सांगते, या दोन गोष्टी वेगळ्या नसाव्यात हा त्यामागचा विचार. एकोणिसाव्या शतकातील जर्मन वास्तुरचनाकार गॉटफ्रीड झेम्पर यांनी 1851 मध्ये असे मांडले होते, की कोणत्याही आदिम घरात चार मूलघटक असतात : चूल, जमिनीवरचा चौथरा, छप्पर पेलणारा सांगाडा आणि भोवतीचा विणलेला पडदा. कोकणातील जुने घर डोळ्यांसमोर आणले तर हे चारही घटक लगेच ओळखता येतात : चिऱ्यांचे जोते, त्यावर उभे लाकडी खांब आणि वासे, मधली कुडाची भिंत आणि स्वयंपाकघरातील चूल. जड चौथरा जमिनीचा असतो आणि हलका सांगाडा आकाशाकडे जातो. या दोहोंचा सांधा कसा हाताळला आहे, यावर फ्रॅम्प्टन इमारतीची पारख करतात. ऑग्यूस्त पेरे, मीस व्हान डेर रोह, लुई कान, उट्झॉन आणि कार्लो स्कार्पा यांच्या इमारती त्यांनी या दृष्टीने उलगडून दाखवल्या आहेत.

या विचारामागे आणखी एक धागा आहे, आणि तो राजकीय आहे. राजकीय विचारवंत हाना आरेंट यांच्या 1958 च्या ग्रंथाचा फ्रॅम्प्टन यांच्यावर खोल परिणाम झाला. आरेंट यांनी माणसाच्या श्रमांत आणि निर्मितीत फरक केला. पोट भरण्यासाठी रोज करावे लागणारे आणि रोज संपणारे ते श्रम. माणसांच्या पिढ्यांहून अधिक टिकणारे, सर्वांच्या मालकीचे जग उभे करते ती निर्मिती. वास्तुकला दुसऱ्या प्रकारात मोडते असे मानले, तर वस्तू वापरून फेकून द्यायच्या अर्थव्यवस्थेत तिचे काय होते हा प्रश्न टाळता येत नाही. वीस-तीस वर्षांत पाडून पुन्हा बांधायच्या हिशोबाने उभ्या केलेल्या इमारतींतून टिकाऊ सार्वजनिक जग कसे तयार होणार? फ्रॅम्प्टन सांधे आणि विटा यांच्याविषयी इतक्या तळमळीने लिहितात ते यामुळे. तो निव्वळ कारागिरीचा सोस नव्हे.

वर्गातून कार्यालयापर्यंत

आता मूळ प्रश्नाकडे वळू. सायनात्सालो आणि बाग्सवेर्द दोन्ही निबंधाआधीच बांधून झाले होते, म्हणजे आल्टो आणि उट्झॉन यांना फ्रॅम्प्टन यांनी काही शिकवले नव्हते. मुंबईतील कांचनजंगा ही इमारतही अशीच. चार्ल्स कोरिया यांनी सत्तरच्या दशकात रचलेली आणि 1983 मध्ये पूर्ण झालेली ही इमारत 84 मीटर उंच असून तिच्यात 32 सदनिका आहेत. मुंबईत समुद्राचा वारा आणि देखावा पश्चिमेला, पण दुपारचे कडक ऊन आणि पावसाचा मारा हीही त्याच दिशेने येतात. जुन्या बंगल्यांनी यावर भोवताली व्हरांडा काढून उपाय केला होता. कोरियांनी तोच व्हरांडा उचलून उंच इमारतीच्या कोपऱ्यांत दोन मजली उंचीच्या खोल गच्च्यांच्या रूपात बसवला. ही चिकित्सक प्रादेशिकताच आहे, फक्त तिला तेव्हा ते नाव नव्हते. पुढे 1996 मध्ये कोरियांवर प्रसिद्ध झालेल्या ग्रंथासाठी फ्रॅम्प्टन यांनी निबंध लिहिला.

म्हणजे इतिहासकार येथे नवे काही जन्माला घालत नाही. वेगवेगळ्या देशांत, एकमेकांना न भेटता चाललेल्या कामांतील समान सूत्र तो पाहतो, त्याला नाव देतो आणि शेजारी शेजारी ठेवतो. पोर्तुगालमधील आल्वारो सिझा, जपानमधील तादाओ आन्दो, मेक्सिकोतील लुईस बारागान, स्वित्झर्लंडमधील मारिओ बोत्ता हे सारे एकाच प्रश्नाशी झुंजत आहेत असे त्यांनी दाखवून दिल्यावर पोर्तो किंवा ओसाका येथील काम हे दूरच्या प्रांतातील किरकोळ काम न राहता जगाने पाहावे असे काम झाले. आन्दो यांच्या कामावरचा ग्रंथ त्यांनी 1984 मध्येच संपादित केला होता. जागतिक कीर्ती देणारा प्रित्झ्कर पुरस्कार आन्दो यांना 1995 मध्ये मिळाला. पुरस्काराचे श्रेय समीक्षकाचे नव्हे, ते रचनाकाराचेच. पण लक्ष कोठे वळते, याची सुरुवात कोणी तरी करून द्यावी लागते.

दुसरी वाट वर्गाची. फ्रॅम्प्टन यांची शिकवण्याची पद्धत तुलनेची होती आणि ती 2015 मध्ये पुस्तकरूपानेही आली. एकाच प्रकारच्या दोन इमारती घ्यायच्या, त्यांचे आराखडे एकाच मापात पुन्हा काढायचे आणि मग पाहायचे : सार्वजनिक भाग कोणता, खासगी कोणता, दोहोंमधला उंबरठा कोठे आहे; माणूस कोणत्या मार्गाने कोठे पोहोचतो; भार कोण पेलतो आणि नुसते झाकतो कोण. ही मांडणी करताना विद्यार्थ्याला आवड-निवड बाजूला ठेवावी लागते, आणि इमारतीने माणसांच्या परस्परसंबंधांविषयी काय गृहीत धरले आहे ते आपोआप उघडे पडते. पन्नास वर्षांत या वर्गातून गेलेले विद्यार्थी जगभरच्या कार्यालयांत आणि महाविद्यालयांत पसरले. माँट्रियल येथील कॅनेडियन सेंटर फॉर आर्किटेक्चर या संस्थेने 2017 मध्ये त्यांच्या अभ्यासक्रमांवरच प्रदर्शन भरवले, ही गोष्ट बोलकी आहे.

तिसरी वाट नियतकालिकांची. 1973 मध्ये पीटर आयझेनमन आणि मारिओ गांदेल्सोनास यांच्यासह त्यांनी न्यूयॉर्कमध्ये ‘ऑपोझिशन्स’ हे नियतकालिक सुरू केले. तिघांची मते एकमेकांशी फारशी जुळत नसत, आणि त्या मतभेदांमुळेच दशकभर ते वास्तुविचाराचे आखाड्याचे ठिकाण बनले. त्याच सुमारास ब्रुकलिनच्या ब्राउन्सव्हिल भागातील मार्कस गार्वी वसाहतीच्या रचनेतही त्यांचा सहभाग होता. उंच मनोऱ्यांऐवजी कमी उंचीची पण दाट वस्ती, प्रत्येक घराचा दरवाजा शक्यतो रस्त्याजवळ, असा तो प्रयत्न होता. वसाहत 1976 मध्ये पूर्ण झाली. पुढे तिला दारिद्र्य आणि गुन्हेगारी यांचा मोठा त्रास सोसावा लागला, आणि चांगला आराखडा एकटा सामाजिक प्रश्न सोडवू शकत नाही हे तेथेही दिसून आले.

आक्षेप, आणि नकाशाची दुरुस्ती

चिकित्सक प्रादेशिकतेवर गंभीर आक्षेप घेतले गेले आहेत आणि ते टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. अमेरिकी अभ्यासक कीथ एगनर यांनी 2002 मध्ये असे म्हटले, की ही संज्ञा बाहेरून लावलेली आहे. मेक्सिकोत आपली वास्तुकला कशी असावी यावर अनेकांचे अनेक मार्ग चालू असताना बारागान यांना एकट्याला संपूर्ण प्रदेशाचे प्रतिनिधी बनवले गेले. शिवाय प्रत्येक प्रदेशाची ओळख ‘केंद्राला’, म्हणजे युरोप-अमेरिकेला, ‘केलेला प्रतिकार’ अशी सांगितली, की पुन्हा केंद्रच मध्यभागी येऊन बसते. हा आक्षेप मला बराचसा पटतो. कोरियांनी व्हरांड्याकडे पाहिले ते पाश्चात्त्य जगाला प्रतिकार करावा म्हणून नव्हे, तर मुंबईच्या पावसात राहणे सुसह्य व्हावे म्हणून.

दुसरी अडचण व्यवहारातली आहे. फ्रॅम्प्टन यांनी वारंवार बजावूनही प्रादेशिकता ही अनेक ठिकाणी सजावट झाली. काँक्रीटच्या सपाट स्लॅबवर मंगलोरी कौले चिकटवायची, भिंतीला चिऱ्याचा पातळ थर लावायचा आणि आत चोवीस तास वातानुकूलन चालवायचे, असे पर्यटन निवास गोव्यात आणि कोकण किनाऱ्यावर पुष्कळ दिसतात. कौल उताराच्या छपरावर असते ते पाणी वेगाने वाहून जावे आणि फटींतून गरम हवा बाहेर पडावी म्हणून; ते काम काढून घेतल्यावर उरते ते केवळ चित्र. व्हेनिसमधील त्या दर्शनी बाजूंवर फ्रॅम्प्टन यांचा जो आक्षेप होता, तोच येथेही लागू पडतो.

तिसरा प्रश्न त्यांच्या स्वतःच्या इतिहासग्रंथाचा. 1980 च्या आवृत्तीचा नकाशा प्रामुख्याने युरोप आणि अमेरिकेचा होता. त्यात जे नव्हते ते विद्यार्थ्यांच्या दोन पिढ्यांसाठी जणू घडलेच नव्हते, आणि प्रभावी इतिहासकाराच्या वगळण्याचा परिणाम त्याच्या निवडीइतकाच दूरवर पोहोचतो. ही उणीव फ्रॅम्प्टन यांनी मनावर घेतली, हे त्यांचे मोठेपण. विसाव्या शतकातील जगभरच्या वास्तुकलेवर त्यांच्या प्रमुख संपादनाखाली दहा खंडांची मालिका निघाली, जिच्यात प्रत्येक प्रदेशाची निवड त्या त्या प्रदेशातील जाणकारांवर सोपवली होती. दक्षिण आशियाच्या खंडाचे संपादन मुंबईचे वास्तुरचनाकार राहुल मेहरोत्रा यांनी केले. 2018 मध्ये व्हेनिसच्या त्याच प्रदर्शनात, ज्यातून ते कधी काळी बाहेर पडले होते, त्यांना जीवनगौरव म्हणून सुवर्णसिंह देण्यात आला. त्या वर्षी प्रदर्शनाची सूत्रे डब्लिनच्या यव्हॉन फॅरेल आणि शेली मॅकनमारा या दोन वास्तुरचनाकारांकडे होती. आणि 2020 मध्ये, वयाच्या नव्वदीच्या उंबरठ्यावर, त्यांनी आपल्या इतिहासाची पाचवी आवृत्ती काढली, तेव्हा आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील वास्तुकलेसाठी ग्रंथात नवा, मोठा भाग लिहून घातला.